मे लाबो, ते लाबास

स्पॅनिश शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा. सुरुवातीच्याच एखाद्या धड्यात एक माणूस सकाळी उठतो. उठतो, शॉवर घेतो, दाढी करतो, केस विंचरतो, हात धुतो, आणि हे सगळं इतक्या तब्येतीत करतो की याला पुढं नोकरीबिकरी आहे का नाही अशी शंका यावी. धडा संपतो तरी गडी घराबाहेर पडलेला नसतो. पान उलटावं तर रात्र झालेली असते आणि तो पुन्हा तोंड धूत असतो.

या माणसाला न्हाणीघराबाहेर पडू देत नाही ते व्याकरण. स्पॅनिशात क्रियापदांची 'आत्मवाचक' नावाची एक जात अशी आहे की काम करणारा तोच आणि काम ज्याच्यावर होतं तोही तोच. उठणं म्हणजे स्वतःला उठवणं, अंघोळ म्हणजे स्वतःला अंघोळ घालणं. म्हणून क्रियापदाच्या आधी 'मला', 'तुला', 'त्याला' अशा अर्थाचा एक टिकलीएवढा शब्द लावावाच लागतो. तो विसरून नुसतं 'धुतो' म्हणालात, की समोरचा पुढचं ऐकायला थांबून राहतो. काय धुता? गाडी? म्हैस?

बाकी मामला सरळ आहे. मूळ शब्द 'लाबारसे', म्हणजे स्वतःला धुणे. शेपटीचं 'से' सोडवून पुढं आणायचं, 'आर' तोडून टाकायचा आणि त्या जागी माणसागणिक प्रत्यय लावायचा. मे लाबो, ते लाबास, से लाबा, नोस लाबामोस, ओस लाबाइस, से लाबान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. 'एर'वाली क्रियापदं 'आ'च्या जागी 'ए' घेतात. 'इर'वाली त्यांच्याच मागून चालतात, फक्त 'आम्ही-तुम्ही'पाशी आल्यावर आपला 'इ' जपतात. 'तो'लाही 'से' आणि 'ते'लाही 'से', म्हणजे सहा माणसांत पाचच शब्द; काटकसर आहे. ठेक्यावर म्हटलं तर यमकही बरं जुळतं. नांदेडच्या वामन पंडितांना यमकांच्या हौसेपायी लोक 'यमक्या वामन' म्हणत. त्यांना हा तक्ता नक्की आवडला असता.

माझी भाची लातूरची, नोकरीला पुण्यात. कंपनीचं गिऱ्हाईक मेक्सिकोत, म्हणून साहेबानं स्पॅनिशचा क्लास लावून दिलाय. मागच्या उन्हाळ्यात मी नांदेडहून लातूरला बहिणीकडे गेलो तेव्हा ही पोरगी जिन्याच्या पायरीवर बसून, डोळे मिटून, अथर्वशीर्ष म्हणावं तसं म्हणत होती : मे बान्यो, ते बान्यास, से बान्या...

"काय म्हणलालीस गं?" तिच्या आज्जीनं विचारलं.

"अंघोळ करतो, अंघोळ करतोस, अंघोळ करतो."

"कोण?"

"सगळेच, आज्जी."

"आन् पाणी कुठून आणलालेत सगळे?"

परदेशी पुस्तकाला हा प्रश्न कधी पडत नाही. लातूरला पहिला तोच पडतो. बार्सिलोनातल्या माणसानं 'मे दूचो' म्हटलं की त्यानं शॉवर घेतला, विषय संपला. लातूरच्या माणसानं तेच म्हटलं तर त्याला चार प्रश्न विचारावे लागतात : नळाला कधी आलं होतं, टाकी केवढी आहे, टँकर कितीला पडला आणि बोअरला किती फुटांवर लागलं. त्यानंतर मग क्रियापदाचा काळ बघायचा. वर्तमानकाळ इथं सवयीचा अर्थ दाखवतो असं पुस्तक म्हणतं. रोजच्या अंघोळीला 'सवय' म्हणणं हे ज्या शहरात नळ आठ-आठ दिवसांनी येतो तिथं जरा श्रीमंती बोलणं होतं.

आणि २०१६ साली तर हा अख्खा धडाच बेकायदा ठरला असता. त्या वर्षी मांजरा धरणात पाणी उरलं नव्हतं. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 'जलदूत' नावाची पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी. सांगलीची कृष्णा साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून लातूरला आली. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात १४४ कलम लावलं होतं. पाण्याच्या टाकीपाशी पाचाहून जास्त माणसांनी जमायचं नाही. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. म्हणजे तक्त्यातली सगळी मंडळी एका वेळी नळावर आली असती तर नुसत्या एकवचनातच कोटा भरत आला असता आणि अनेकवचनाला पोलिसांनी धरून नेलं असतं.

त्यात 'नोस बान्यामोस' हे प्रकरण आणखी नाजूक. स्पॅनिश माणसाला 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक नाही. दोन्हीला एकच 'नोसोत्रोस'. मराठवाड्यातल्या घरी भर मे महिन्यात पाहुणा आला असताना यजमान 'आम्ही अंघोळ करतो' म्हणाला, की पाहुण्यानं काय ते समजून घ्यावं. 'आपण अंघोळ करू' म्हणाला, तर त्या यजमानाचं मन मोठं आहे किंवा त्याचा जावई टँकरच्या धंद्यात आहे. ही एवढी मोठी गोष्ट ज्या भाषेला सांगता येत नाही तिच्यात पाहुणचार कसा होत असेल देव जाणे.

एका बाबतीत मात्र स्पॅनिश माणूस थेट आपल्यातला निघाला. 'मे लाबो लास मानोस', मी हात धुतो. इंग्रजीत 'माझे हात' म्हटल्याशिवाय चालत नाही. दुसऱ्याचे धुतोय असं कुणाला वाटू नये म्हणून. स्पॅनिशात नुसतं 'हात', आणि आपल्यातही नुसतं 'हात'. पंगतीला बसणारा माणूस 'मी माझे हात धुऊन येतो' असं कधी म्हणत नाही. म्हणाला तर वाढपी त्याच्याकडे दोनदा बघेल.

दुसऱ्याचं धुण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो : 'से' असलेलं आणि नसलेलं 'लाबार' कुणाला समोरासमोर बघायचं असेल तर त्यानं नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात यावं. दारात पाय धुऊनच आत जायचं असतं : 'से लाबान लोस पिएस', आपले पाय आपण. आणि लंगरमध्ये मागच्या बाजूला मांडी ठोकून बसलेली माणसं अनोळखी लोकांची ताटं घासत असतात : 'लाबान लोस प्लातोस'. 'से' गायब. तिथं मोठे अधिकारी आणि गल्लीतला पानवाला एकाच हौदावर ताट विसळताना दिसतात, आणि कुणी कुणाचा फोटो काढत नाही. स्पॅनिशच्या मास्तरांनी यावर वेगळा तास घ्यायची गरज नाही.

हा 'से' म्हणजे काही युरोपातून आलेलं नवल नव्हे. आपल्याकडं पाणिनीनं ही फाळणी कधीच करून ठेवली आहे. कामाचं फळ दुसऱ्याला मिळत असेल तर परस्मैपद, स्वतःला मिळत असेल तर आत्मनेपद. यज्ञ तोच, पण यजमान करतो तेव्हा 'यजते' आणि भटजी करतात तेव्हा 'यजति', कारण पुण्य यजमानाला, भटजींना दक्षिणा. पुढं बहुतेक धातूंच्या बाबतीत हा हिशेब कुणी ठेवला नाही. कोणता धातू कोणत्या पदाचा हे शाळेत नुसतं घोकावं लागतं. पण ती यादी आज सावकाश वाचली तर वाटतं, आपल्या पूर्वजांना मराठवाड्याची चांगली माहिती असावी. 'भाषते' आत्मनेपदी. भाषणाचं फळ भाषण करणाऱ्यालाच मिळतं, हे भर उन्हात मंडपाखाली बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'सेवते' आत्मनेपदी. जनसेवेचा मेवा कोण खातो याबद्दल शंका उरू नये. 'लभते' आत्मनेपदी, यात नवल नाही. आणि 'पठति'? परस्मैपदी! अभ्यास करायचा पोरानं आणि फळ दुसऱ्याला. लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांत एक चक्कर मारा. पोरगं बिचारं 'पठति', आणि क्लासवाला, हॉस्टेलवाला, मेसवाला, झेरॉक्सवाला, चहावाला हे सगळे 'लभन्ते'.

मराठीत आत्मनेपद उरलं नाही, पण त्यावाचून आपलं काही अडलंही नाही. आपण 'घेणे' आणि 'देणे' ही दोन क्रियापदं कामाला लावली. 'जेवून घे', 'शिकून घे', 'नळ जायच्या आत आंघुळ करून घे' हे झालं आत्मनेपद. 'वाचून दे', 'लिहून दे', 'सोडून दे' हे परस्मैपद. फार चोख व्यवस्था आहे. सरकारी काम असेल तर साहेब करून देतात, आपण करून घेतो, आणि मधल्या वेळात घेणे-देणे ही दोन्ही क्रियापदं सहायक न राहता मुख्य क्रियापदं म्हणून वापरली जातात.

शिवाय आपल्याकडं एक असं क्रियापद आहे की त्यापुढं त्या धड्यातल्या माणसाची अख्खी सकाळ फिकी पडावी. 'आवरणे'. उठणं, दात घासणं, अंघोळ, वेणीफणी, इस्त्रीचे कपडे, पावडर, देवाला नमस्कार, सगळं त्यात आलं. "आवरलं का?" असा एक प्रश्न आणि "आवरलालाव की!" असं आतून एक उत्तर. या उत्तराचा वर्तमानकाळ किती लांब असू शकतो हे लग्नाला निघालेल्या कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाला, जीप दारात उभी करून, विचारावं. स्पॅनिशात 'आर्रेग्लारसे' म्हणून जवळचं काहीतरी आहे, आणि रूपं अगदी नियमित : मे आर्रेग्लो, ते आर्रेग्लास. नियमित फक्त रूपं. वेळेची हमी त्यांच्याही व्याकरणात नाही.

पण 'से'चा खरा बहर बघायचा तर चौकात. नांदेडचा वजिराबाद घ्या, लातूरची गंजगोलाई घ्या, जिथं सोळा रस्ते एकत्र येतात आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक फ्लेक्स असतो. फ्लेक्सवर एक गॉगलवाला तरुण फोन कानाला लावून आपल्याकडं बघत असतो. वर लिहिलेलं असतं 'हार्दिक अभिनंदन', खाली असतं 'शुभेच्छुक', आणि दोन्हीकडं फोटो एकाचाच. हे मराठीत समजावून सांगायला पाच ओळी लागतात. स्पॅनिशात दोन शब्दांत भागतं : 'से फेलिसिता'. तो स्वतःचं अभिनंदन करतो. नियमित आत्मवाचक क्रियापद, वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, एकवचन. वाढदिवसाच्या आठवड्यात अनेकवचन : 'से फेलिसितान'. याचे दोन अर्थ होतात, ते आपापलं अभिनंदन करतात किंवा एकमेकांचं करतात. स्पॅनिशवाले म्हणतात, संदर्भावरून ओळखा. आमच्याकडं संदर्भ बघूनही ओळखता येत नाही, कारण आघाडी कालची असते आणि फ्लेक्स परवाचा.

नाव सांगण्याचंही तसंच. स्पॅनिश माणूस 'माझं नाव अमुक' म्हणत नाही. तो म्हणतो 'मे यामो अमुक', मी स्वतःला अमुक म्हणतो. पहिल्या धड्यात हे विचित्र वाटतं. मग भावी आमदार, कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी, युवा हृदयसम्राट असं म्हणवून घेणारे आठवतात आणि 'यामारसे' एकदम अंगवळणी पडतं. निवडणुकीला उभं राहणं हेही त्यांच्याकडं 'प्रेसेन्तारसे', स्वतःला सादर करणं. पक्षानं तिकीट दिलं नाही तर आपल्याकडंही नेमकं हेच करतात, त्याला आपण अपक्ष म्हणतो.

काही क्रियापदं अशी हट्टी की 'से'शिवाय घराबाहेरच पडत नाहीत. बढाई मारणं, 'खाक्तारसे' : मे खाक्तो, ते खाक्तास. उच्चारातच खाणं आहे, स्पॅनिशला काही लपवता येत नाही. हिंमत करणं, 'आत्रेबेरसे'. आणि माझं आवडतं, 'केखारसे', तक्रार करणं. मे केखो, ते केखास, से केखा. तक्रार करणं आत्मवाचक का, असं भाचीनं क्लासमध्ये विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं की याला कारण नाही, पाठ करा. मराठवाड्यात कारण सांगायला कुणीही तयार होईल. गल्लीतल्या गटाराबद्दल एकदा लेखी तक्रार करून बघा. पहिली चौकशी तक्रार करणाऱ्याची होते, घरपट्टी भरली का, जिना मंजूर नकाशात होता का. क्रिया ज्यानं केली तिथंच परत येते. यालाच आत्मवाचक म्हणतात.

लग्नाच्या बाबतीत मात्र आमचं आणि त्यांचं अजिबात जमत नाही. 'कासारसे', मे कासो. मी स्वतःचं लग्न करतो. हे वाक्य लातुरात मोठ्यानं म्हणायला छाती लागते. आपल्याकडं लग्न करत नाहीत, लावून देतात. मामा ठरवतो, आत्या मोडते, काका पुन्हा जुळवतो, भटजी लावतात आणि नवरदेवाला ऐनवेळी उभं करतात. या सगळ्यात 'मे' कुठं बसतो? ज्यांनी बसवून बघितला त्यांच्या घरी अजून काही लोक जेवायला येत नाहीत.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, स्पॅनिश माणूस भलताच जबाबदार : उठतो तो स्वतः, चुकतो तो स्वतः ('मे एकिबोको'), कंटाळतो तोही स्वतः ('मे आबुर्रो'). तसं काही नाही. हाच 'से' त्यांनी पळवाटेलाही जुंपलाय. हातून काचेचा ग्लास फुटला तर ते 'मी फोडला' म्हणत नाहीत. म्हणतात 'से मे रोम्पे एल बासो' : ग्लास स्वतःच स्वतःला फोडतो, मी आपला तिथं उभा असतो. काम विसरलं तर 'से मे ओल्बिदा' : ते स्वतःच विसरलं जातं, माझ्यापुरतं. इथं आल्यावर मला त्या भाषेबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. ग्लास फुटला, दूध उतू गेलं, गाडी चुकली, फाईल सापडेना, रस्ता खचला, पूल वाहून गेला, निधी परत गेला. आपल्याकडं किती गोष्टी आपल्या आपणच होतात! मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठीचं एवढं जाडजूड शास्त्रीय व्याकरण लिहिलं, त्यांना अकर्मक क्रियापदांना उदाहरणांची वाण पडली नसणार. एखाद्या टेबलावर चौथ्यांदा गेलेल्या माणसाला "तुमची फाईल पुढं गेलीय" असं सांगतात, तेव्हा ती फाईल आपल्या पायांनी चालत गेलेली असते. कुणी नेली हे विचारणं म्हणजे कर्ता नसलेल्या वाक्यात कर्ता शोधणं, आणि परीक्षेत त्याचे मार्क कापतात.

मार्कांवरून लातूर पॅटर्न आठवला. नव्वदीच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं ओळीनं झळकू लागली तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक गुपित शोधायला आले. गुपित कसलं, सराव परीक्षा, परत सराव परीक्षा आणि त्यानंतर सराव परीक्षा. स्पॅनिशचा हा तक्ता लातूरच्या पोराच्या हाती दिला तर तो पहिल्यांदा विचारेल, "सर, कितीला येतं हे?" दुसरा प्रश्न, "यातलं ऑप्शनला काय टाकता येतं?" आणि त्याचं नशीब एवढं की टाकता येतं! 'ओस लाबाइस' हे 'तुम्ही'चं रूप मुख्यतः स्पेनमध्ये चालतं. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत साऱ्या लॅटिन अमेरिकेनं ते ऑप्शनला टाकून दिलंय. तिथं तुम्ही आणि ते दोघांनाही 'से लाबान'. गिऱ्हाईक मेक्सिकोतलं आहे म्हटल्यावर भाचीनंही ते पान स्टेपलर मारून बंद केलं. अर्धा खंड जे करतो ते लातूरच्या पोरीला कुणी शिकवायला नको.

आणि शेवटी या पॅटर्नला स्पॅनिश व्याकरणानंच प्रशस्तिपत्र दिलंय, ते वाचकांपर्यंत पोचवणं माझं कर्तव्य आहे. 'आप्रेन्देर' म्हणजे शिकणे. सावकाश, समजून, इकडंतिकडं बघत शिकलं तरी चालतं. पण त्याच शब्दाला 'से' जोडून 'आप्रेन्देरसे' म्हटलं, की त्याचा अर्थ होतो धडाच्या धडा पाठ करून टाकणे, तोंडपाठ, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. रूपं नियमित आहेत, एकही अपवाद नाही : मे आप्रेन्दो, ते आप्रेन्देस, से आप्रेन्दे, नोस आप्रेन्देमोस, से आप्रेन्देन. 'ओस'चं सोडून दिलंय, परीक्षेला येत नाही.